गिझरची कॉइल सारखी जळते, चाव्यांवर पांढरा थर बसतो : कोल्हापूरच्या घरांसाठी तपासणीचा क्रम

आधी लक्षणं

- चावीच्या (नळाच्या तोटीच्या) तोंडाशी, शॉवरच्या भोकांत, बादलीच्या आतल्या कडेला पांढरा खरखरीत थर. फडक्यानं जात नाही, नखानं खरवडला तर पापुद्रा निघतो.
- गिझर आधी लवकर तापायचा, आता दुप्पट वेळ घेतो. तापताना आतून तडतड आवाज येतो. वर्ष-दीड वर्षात कॉइल जळते, बदलली तरी परत जळते.
- गार पाण्याची धार जोरात, गरम पाण्याची मात्र बारीक.
- अंगाला साबण घासला तरी फेस धरत नाही. अंग धुतल्यावर चिकट लागतं, केस राठ होतात.
- पांढरे कपडे करडे पडतात, टॉवेल वाळल्यावर कडक होतो.
- तूरडाळ, हरभरा शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही टणक राहतो. चहावर पातळ तवंग येतो.
- हा सगळा त्रास उन्हाळ्यात वाढतो आणि पाऊस लागला की कमी होतो.

यातली तीन-चार लक्षणं एकत्र असतील तर पाण्यातल्या क्षारांचाच विषय आहे असं धरून पुढं चला. शेवटचं लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऋतूप्रमाणं त्रास कमी-जास्त होत असेल तर दोष गिझरमध्ये नाही, टाकीत येणारं पाणी बदलतंय.

मी कोल्हापुरात गिझर, वॉशिंग मशीन आणि घरातलं प्लंबिंग दुरुस्त करतो. "दादा, कॉइल परत गेली बघा," हे वाक्य मी त्याच त्या घरांतून ऐकतो. लोक आधी गिझर बदलतात, मग कंपनी बदलतात, मग कुणीतरी महागडं यंत्र गळ्यात मारतं. पाणी मात्र कुणी बघत नाही. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चाच्या कामावर संपतो. मधली पायरी गाळू नका. बऱ्याच घरांचं काम पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच भागतं.

पहिली तपासणी : टाकीत कोणतं पाणी आहे?

याला पैसा लागत नाही आणि सगळ्यात जास्त उलगडा इथंच होतो.

कोल्हापूरच्या नळाला येणारं पाणी मुळात फार जड, म्हणजे जास्त क्षारांचं, नाही. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांची मिळून झालेली. गगनबावडा, राधानगरीकडं कोसळणारा पाऊस थोड्या अंतरात इथं पोचतो. दगडात मुरून क्षार विरघळवायला त्या पाण्याला फारसा वेळच मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ पासून काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइननं येणारं पाणीही दूधगंगेच्या धरणातलं, म्हणजे पावसाचंच.

बोअरची गोष्ट वेगळी. आपल्या पायाखाली काळा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांत पाणी वर्षानुवर्षं साठून राहतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. त्यामुळं नदीचं पाणी वापरणाऱ्या घरात आणि त्याच गल्लीतल्या बोअरवाल्या इमारतीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. दोन बोअरचं पाणीही सारखं नसतं, शेजारच्याचं गोड लागलं म्हणून आपलं तसंच असेल असं धरू नका.

आता खरा प्रश्न. अपार्टमेंटमध्ये जमिनीतल्या टाकीत नळाचं पाणी पडतं आणि त्याच टाकीत बोअरचा पाइपही सोडलेला असतो. उन्हाळ्यात पुरवठा कमी झाला, कुठं लाइन फुटली, पंप दुरुस्तीला काढला, की वॉचमन बोअरचा कॉक उघडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली तेव्हा असे कॉक उघडावेच लागले. काही इमारतींत ते नंतर कुणी बंद केलेच नाहीत. रहिवाशांना वाटत राहतं, आपण नळाचं पाणी वापरतोय.

म्हणून असं करा. वॉचमनला किंवा सेक्रेटरींना विचारा, बोअर कुठल्या टाकीत पडतो आणि दिवसातून किती वेळ चालतो. मग तीन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत पाणी सुटल्यावर थेट मुख्य लाइनच्या चावीचं पाणी भरा, दुसरीत तुमच्या बाथरूमच्या चावीचं, तिसरीत बोअरचं. तिन्हीत पाणी अर्ध्यापर्यंत आणि अगदी सारखं. प्रत्येकीत अंगाच्या साध्या साबणाचा सारखाच कीस टाका आणि सारखंच हलवा. भांड्याचं लिक्विड किंवा कपड्याची पावडर घेऊ नका, ती जड पाण्यातही फेस देते आणि तपासणी फसते. मऊ पाण्यात फेस वर उभा राहतो आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. जड पाण्यात फेस बसतो आणि पाणी दुधट होऊन त्यात गुठळ्या दिसतात. साबण कॅल्शियमला चिकटून न विरघळणारा मळ तयार होतो, तोच अंगावर आणि कपड्यांवर बसतो. जुलैत हे करत असाल तर चौथ्या बाटलीत छपरावरून न आलेलं, थेट पातेल्यात पडलेलं पावसाचं पाणी घ्या. मऊ पाणी कसं वागतं हे त्यावरून कळेल.

बाथरूमची बाटली बोअरच्या बाटलीसारखी वागली तर उत्तर मिळालं. यंत्रांना हात लावायच्या आधी सोसायटीत बसून पाणी वेगळं करायचं बोला, त्याबद्दल पुढं लिहिलंय. तिन्ही बाटल्यांत चांगला फेस आला, तर मात्र तुमचा त्रास क्षारांचा नसण्याची शक्यता आहे. जुना गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, टाकीतला गाळ, किंवा सरळ गिझरचा दोष शोधा.

दुसरी तपासणी : तो पांढरा थर नक्की क्षाराचा आहे का?

पापुद्र्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा थर. तो घरच्या आंबट पदार्थानं निघतो. बुडबुडे आलेच नाहीत तर साबणाचा मळ, पांढऱ्या सिमेंटचे डाग किंवा वेगळा क्षार असू शकतो आणि त्यावर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, वाया जाईल. तपकिरी, तांबूस थर असेल तर ते लोह किंवा गंज.

हे का बघायचं? कारण गरम केल्यावर जो क्षार पाण्यातून बाहेर पडून थर धरतो तो बायकार्बोनेटचा. गिझर, किटली, इस्त्री, बंब यांचा शत्रू तोच. सल्फेट आणि क्लोराइडचा कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, उकळूनही जात नाही. ते पाणी साबणाला त्रास देतं पण गिझरला तितका थर देत नाही.

इथंच एक गैरसमज काढून टाकतो. तुरटी फिरवून पाणी मऊ होत नाही. तुरटीनं पावसाळ्यातला गढूळपणा खाली बसतो, विरघळलेला क्षार जागचा हलत नाही. कॅन्डल फिल्टरचंही तेच.

तिसरी तपासणी : धार कुठं बारीक आहे?

पाना हातात घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्या चाव्या एकेक उघडून बघा. एकाच चावीची धार बारीक असेल तर तिच्या तोंडाची जाळी बुजली आहे. सगळ्या घरात गरमचीच बारीक असेल तर गिझरचं तोंड किंवा गरम पाण्याचा पाइप. गार-गरम दोन्ही, सगळीकडं बारीक असेल तर वरच्या टाकीचा कॉक किंवा मुख्य पाइप बघा, जाळ्या साफ करून काही होणार नाही. हा भेद न केल्यामुळं लोक चांगल्या चाव्या बदलून बसतात.

जाळी हातानं किंवा पान्याला फडकं गुंडाळून फिरवा, निघते. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा आणि जाळी, शॉवरचं तोंड त्यात तासभर ठेवा. जुन्या टूथब्रशनं घासा. पाणी उकळतं घेऊ नका, जास्त गरम पाण्यात लिंबूसत्त्वाचाच वेगळा पांढरा साका बसू शकतो.

वॉशिंग मशीनच्या मागं पाणी आत जातं तिथंही एक छोटी जाळी असते. मशीनचा प्लग काढा, चावी बंद करा, पाइप सोडवा, जाळी पक्कडीनं हळूच ओढून धुवा. मशीन पाणी घ्यायला वेळ लावते या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथंच सापडतं.

एक कळकळीची सूचना. टॉयलेट साफ करायचं ॲसिड चाव्यांवर, शॉवरवर किंवा फरशीवर ओतू नका. क्रोमचा मुलामा उडतो, संगमरवर आणि फरशीचे सांधे खाल्ले जातात. ते ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं लिक्विड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो माणसाचा जीव घेऊ शकतो.

चौथी तपासणी : गिझर

आधी काय होतं ते समजून घ्या. पाणी साधारण ६० अंशांच्या वर तापवत गेलं की क्षार भराभर बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर, बसतो. थर उष्णता अडवतो. कॉइल आतल्या आत जास्त तापते, पाणी मात्र उशिरा तापतं. बिल वाढतं आणि शेवटी कॉइल तडकते. नवीन कॉइल टाकून तेच पाणी, तेच तापमान ठेवलं तर तिचंही आयुष्य तेवढंच.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे : बटण फिरवून तापमान ५० ते ५५ अंशांवर आणा. आंघोळीला आपण नाहीतरी गार पाणी मिसळतोच. थर बसण्याचा वेग यानं लगेच कमी होतो.

मग गिझर रिकामा करून बघा. एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, बंद करा, नुसतं भिंतीवरचं बटण नको. पाणी पूर्ण गार होऊ द्या. गिझरला येणारा कॉक बंद करा, गरमची चावी उघडी ठेवा म्हणजे हवा आत जाईल. खाली बसवलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हची छोटी दांडी उचलली की त्यातून पाणी येतं, ते बादलीत धरा. तळाशी पांढरी कणी, पापुद्रे आले तर आत थर साठलाय. परत भरताना गरमच्या चावीतून अखंड धार येईपर्यंत एमसीबी चालू करू नका, कोरडी कॉइल काही क्षणांत जळते.

दांडी हातानं सहज उचलली जात नसेल तर जोर लावू नका. हा व्हॉल्व्ह गिझरमधला वाढलेला दाब बाहेर सोडतो. क्षारानं तो जाम झाला असेल तर गिझर वापरणं बंद करा आणि माणूस बोलवा. पाणी तापताना त्यातून थेंब-थेंब पडणं मात्र स्वाभाविक आहे, पाणी तापल्यावर प्रसरण पावतं. ते थेंब बंद करायला कुणी व्हॉल्व्हला बूच मारून देत असेल तर त्याला घरात घेऊ नका.

गिझर उघडून कॉइल काढणं, थर काढणं, आतला मॅग्नेशियमचा रॉड बदलणं हे काम जाणकाराचं. त्याच्याकडून दोन गोष्टी आवर्जून करून घ्या. कॉइल जळली नसेल तर ती ॲसिडच्या सौम्य द्रावणात साफ करून परत बसवता येते, लगेच नवी घालायची गरज नसते. आणि मॅग्नेशियमचा रॉड बाहेर काढून दाखवायला सांगा. टाकीचं लोखंड गंजण्याऐवजी तो रॉड झिजतो. बोअरच्या पाण्यावर त्याची दरवर्षी तपासणी हवी. रॉड संपला की पुढची पाळी टाकीची, आणि टाकी गळायला लागली की दुरुस्ती नाही.

इथं थांबा

खालीलपैकी काही दिसलं तर वरचं कुठलंच काम स्वतः करू नका.

पाण्याला किंवा चावीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या. गिझर लावला की आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) किंवा एमसीबी उडतो. तडकलेल्या कॉइलमधून वीज पाण्यात उतरते, आणि ओल्या अंगाला हलका धक्काही प्राणघातक ठरू शकतो. एमसीबी परत परत वर करून बघू नका. बंद ठेवा, घरातल्या सगळ्यांना सांगा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसुद्धा तपासून घ्या.

टाकीच्या अंगातूनच पाणी झिरपतंय, वाफ येते, किंवा पाणी तापायचं थांबतच नाही. थर्मोस्टॅट गेला असण्याची शक्यता आहे. एमसीबी बंद करून दूर राहा.

गॅस गिझर असेल तर आतल्या नळीतला थर काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका. ज्योत पिवळी दिसणं, काजळी, डोकं जड होणं ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं. गॅस बंद करा, खिडकी उघडा, बाहेर या. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर नसावाच, पाणी कितीही मऊ असो.

स्वयंपाकघर आणि पिण्याचं पाणी

डाळ आणि कडधान्यासाठी नळाचं पाणी वेगळं भरून ठेवा. कॅल्शियममुळं दाण्यातलं पेक्टिन घट्ट होतं आणि सालं मऊ पडत नाहीत, ती कुकरची चूक नसते. मटकी, हरभरा भिजत घालण्यापासूनच ते पाणी वापरा.

पाण्याचा कठीणपणा जास्त म्हणजे तब्येतीला धोका, असं समजून घाबरू नका. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्याच्या कारणासाठी कठीणपणाची मर्यादा ठरवलेली नाही. बोअरच्या पाण्यात काळजी करायची ती जंतूंची आणि नायट्रेटची, आणि ते साबणाच्या बाटलीत दिसत नाहीत. बोअरचं पाणी पिण्यात असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा चांगल्या खासगी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

विक्रेता टीडीएसचा मीटर घेऊन आला तर एवढं लक्षात ठेवा : तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण क्षार सांगतो, त्यात कॅल्शियम किती हे सांगत नाही. पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवून काळा-पिवळा गाळ काढून दाखवतात तो गाळ बराचसा त्या कांड्यांच्याच धातूचा असतो. कठीणपणा मोजायचा तर थेंबांनी रंग बदलणारं किट मिळतं, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातसुद्धा. नदीच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नाही, यूव्ही फिल्टर पुरतो.

सोलर

नवीन बसवणार असाल आणि बोअरचं पाणी चुकणार नसेल तर काचेच्या नळ्यांचा घ्या. सपाट पत्र्याच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्या क्षारानं बुजतात आणि साफ करणं अवघड जातं. आहे तो बुजला असेल तर छपरावर चढून ॲसिड सोडू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा.

शेवटचा उपाय : पाणी वेगळं करा, नाहीतर सॉफ्टनर

अपार्टमेंटसाठी माझं मत ठाम आहे. सॉफ्टनरच्या, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या, आधी दोन टाक्या करा. बोअरचं पाणी फ्लश, पार्किंग धुणं, झाडं यासाठी. नदीचं पाणी आंघोळ, गिझर, मशीन आणि स्वयंपाकासाठी. एकदाच पाइपचं काम निघतं, पण त्यानंतर मीठ नको, वीज नको, देखभाल नको. नदीचं पाणी फ्लशमध्ये ओतून बोअरचं पाणी गिझरला पाजणाऱ्या इमारती मी शहरात बघतो तेव्हा वाईट वाटतं.

नळाचं पाणी पोचतच नाही, सगळी भिस्त बोअरवर, अशी उपनगरातली घरं आहेत. तिथं सॉफ्टनर लागतो. चुंबकाचा पट्टा किंवा पाइपला गुंडाळायची वायर घेण्याआधी विक्रेत्याला एकच सांगा : आधी आणि नंतर किटनं कठीणपणा मोजून दाखवा. आकडा तोच राहतो, कारण पाण्यातून काहीच बाहेर पडलेलं नसतं. रेझिनच्या (बारीक मण्यांच्या) सॉफ्टनरमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम अडकतं आणि त्याजागी सोडियम सुटतं. रेझिन भरलं की मिठाच्या पाण्यानं ते धुवावं लागतं.

आकार हिशेब करून घ्या. कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आणि घराचा वापर दिवसाला ५०० लिटर असेल तर रोज २०० ग्रॅम चुनखडीइतका क्षार तुमच्या पाइपातून जातो. वर्षाचे ७० किलोच्या वर. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम अडवतं, म्हणजे २५ लिटर रेझिन सहाएक दिवस चालेल आणि मग तीन-चार किलो मीठ लागेल. विक्रेता "महिनाभर बघायला नको" म्हणाला तर हा हिशेब त्याच्यापुढं ठेवा. मीठ घालायचं राहिलं की सॉफ्टनर नुसता पाइप होतो, म्हणून दर आठवड्याला एक बाटली भरून साबणाची तपासणी करत राहा.

बसवताना पिण्याची, स्वयंपाकाची आणि झाडांची चावी सॉफ्टनरच्या आधी वेगळी काढून घ्या. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्यात सोडियम वाढलेलं असतं, घरात कुणाला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पिऊ देऊ नका. मुख्य लाइन कापायची असते आणि बायपासचे (सॉफ्टनर वगळून पाणी सोडायचे) तीन कॉक नीट बसवायचे असतात, त्यामुळं हे काम प्लंबरकडूनच करून घ्या आणि तो निघायच्या आधी बायपास चालवून दाखवायला लावा.